रोबोट बिघडत नाही साहेब, तो ऐकतो

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी सायन्स फिक्शन मारधाड पिक्चरवर जो लेख आला तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त मधलं कापू नका. लेखकाचं म्हणणं असं की हे पिक्चर म्हणजे नुसता धुडगूस, काचा फुटतात, गाड्या उडतात आणि सगळ्यांचा मेसेज एकच की एक दिवस यंत्र माणसावर उलटणार, आणि आता एआय आल्यामुळे तो दिवस जवळ आलाय वगैरे. धुडगुसाचं मान्य, तो असतोच, त्यासाठीच तर तिकीट काढतो आपण. पण ते उलटण्याचं काही पटलं नाही. मला तर वाटतं त्यातले चांगले पिक्चर बरोब्बर वेगळंच सांगतायत. यंत्र उलटत नाही, यंत्र ऐकतं, अगदी शंभर टक्के ऐकतं, आणि सगळी भानगड ते कोणाचं ऐकतं तिथे आहे.

मी काही समीक्षक नाही. चाकण पट्ट्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, वेल्डिंगच्या लाइनवर रोबोट आहेत, त्यांच्यात रोजचं उठणं बसणं. रोबोट म्हणजे हात, नुसता हात, तोही पिवळ्या जाळीच्या आत. जाळीचं दार उघडलं की इंटरलॉक, म्हणजे दाराला जोडलेला सुरक्षेचा स्विच, तुटतो आणि हात जागच्या जागी थांबतो. आत जाऊन त्याला शिकवायचं असेल तर हातात पेंडंट, म्हणजे रोबोट हलवायचा रिमोट, घ्यावा लागतो, आणि त्या पेंडंटच्या मागे एक बटण असतं ते अर्धवट दाबून धरायचं. सोडलं तरी रोबोट थांबतो आणि घट्ट आवळलं तरी थांबतो. का, तर माणूस घाबरला की एकतर हातातलं टाकून देतो नाहीतर मूठ आवळतो, दोन्हीपैकी काहीतरी एक नक्की करतो. ज्याने कोणी हे बटण शोधून काढलं त्याने माणसाचा नीट विचार केला होता असं मला दर वेळी वाटतं. आणि हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की रोबोट रागावेल म्हणून आमच्या शॉपवर कोणी घाबरत नाही. घाबरतात ते सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, अजून दोन सेकंदाने कमी करा असा मेल वरून आला की.

आता पिक्चरचं. १९८७ चा रोबोकॉप बऱ्याच जणांनी केबलवर हिंदीत डब केलेला बघितलाय, आणि लोकांच्या लक्षात राहिलाय तो मांडीतून पिस्तूल काढणारा लोखंडी पोलीस. पॉल व्हर्होवन नावाचा डच दिग्दर्शक, लहानपण नाझींच्या ताब्यातल्या हेग शहरात गेलेलं, अमेरिकेत येऊन त्याने हा पिक्चर केला. स्क्रिप्ट पहिल्यांदा त्याने टाकून दिलं होतं, बायकोने सांगितलं नीट वाच, त्यात काहीतरी आहे. होतंच. गोष्ट डेट्रॉइटची (शूटिंग बरंचसं डलासमध्ये झालंय ते सोडा). शहर भिकेला लागलंय आणि पोलीस खातं चालवायचं काँट्रॅक्ट ओसीपी नावाच्या कंपनीने घेतलंय. कंपनीला जुनं डेट्रॉइट पाडून तिथे नवीन चकाचक शहर बांधायचंय, त्याच्या आधी गुन्हेगारी साफ करायचीय.

त्यातला बोर्डरूमचा सीन परत बघा. कंपनीचा एक मोठा साहेब नवीन मशीन दाखवायला आणतो, दोन पायांचं, दोन्ही हातांच्या जागी बंदुका, नाव ईडी-२०९. हसू नका, नाव खरंच ईडी आहे. तर डेमोसाठी एका तरुण अधिकाऱ्याच्या हातात पिस्तूल देतात आणि सांगतात धर मशीनवर. मशीन म्हणतं शस्त्र टाका, वीस सेकंद आहेत. तो टाकतो. मशीनला कळतच नाही की टाकलंय, ते मोजत राहतं. पोरगा घाबरून बाकीच्यांकडे पळतो तर सगळे त्याला ढकलतायत, आपल्याजवळ येऊ नको म्हणून. पॅनलवरचे टेक्निशियन वायरी उपटतायत. आणि मग मशीन गोळ्या घालतं, पाडल्यावरसुद्धा घालतच राहतं. मी हा सीन बघितला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे अरे इमर्जन्सी स्टॉप कुठाय? एवढी मोठी कंपनी, दोन्ही हातात भरलेल्या बंदुका असलेलं मशीन माणसांनी भरलेल्या खोलीत चालू केलं आणि एक लाल बटण नाही? आमच्याकडे साध्या कन्व्हेयरला असतं.

पण खरा सीन त्याच्या पुढे आहे. टेबलावर पोरगं मरून पडलंय आणि कंपनीचा म्हातारा चेअरमन त्या साहेबाला म्हणतो मी फार निराश झालोय. साहेब म्हणतो किरकोळ बिघाड आहे. आणि चेअरमन चिडतो तो कशावर, तर सहा महिन्यांत बांधकाम सुरू व्हायचंय आणि या बिघाडामुळे नुसत्या व्याजाचेच पाच कोटी डॉलर जातील यावर. पुढे एकदा तोच साहेब संडासात उभं राहून दुसऱ्याला सुनावतो की लष्कराला मशीन विकायचं पक्कं झालं होतं, पंचवीस वर्षं स्पेअर पार्ट विकले असते, ते चालतं की नाही चालत याच्याशी कोणाला देणंघेणं होतं. ज्यांनी ज्यांनी एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, नावाखाली गळ्यात मारलेली मशिनं सांभाळलीयेत त्यांना हा डायलॉग ऐकून हसू येतं, पण ते हसू जरा कडू असतं.

आता यात यंत्र उलटलं कुठे सांगा. सॉफ्टवेअर कच्चं होतं, ट्रायल नीट घेतली नव्हती, आणि घाई मालकाला होती.

मग दुसरी स्कीम येते, मेलेल्या पोलिसाला मशीनमध्ये घालायची. मर्फी नावाचा पोलीस ड्युटीवर गुंडांच्या हातून मरतो. डॉक्टर सांगतात एक हात वाचवलाय. प्रोजेक्टवाला अधिकारी म्हणतो आपलं पूर्ण शरीर बदलायचं ठरलं होतं ना, मग हात काढून टाका. चालतं का असं? चालतं, कारण नोकरीला लागताना त्याने फॉर्मवर सही केलेली आहे आणि कायद्याने तो मेलेला आहे, आता त्याचं काहीही करता येतं. हा सीन मर्फीच्या डोळ्यातून दाखवलाय, म्हणजे आपण पडलोय आणि वरून लोक आपल्याकडे बघत बोलतायत. काँट्रॅक्टवर लागलेल्या पोरांना जॉइनिंगच्या दिवशी कागदांचा गठ्ठा देतात आणि बोटाने दाखवतात इथे इथे इथे सही, तो गठ्ठा वाचलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

आणि मग येतो माझा मुद्दा. रोबोकॉपच्या डोक्यात तीन नियम घातलेत, जनतेची सेवा कर, निरपराधाला वाचव, कायदा पाळ. चौथा नियम आहे पण तो गुप्त आहे, त्याला स्वतःलाही दिसत नाही. जेव्हा त्याला कळतं की गुंडांची टोळी त्याच ईडी-२०९ वाल्या साहेबाच्या जिवावर उड्या मारतेय आणि तो त्याला अटक करायला जातो तेव्हा त्याचं अंग लुळं पडतं. तेव्हा साहेबच सांगतो चौथा नियम काय ते, कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला अटक करायला गेलास की तू बंद पडणार. शेवटी बोर्डरूममध्ये तो सगळा पुरावा स्क्रीनवर लावतो, साहेब चेअरमनच्याच डोक्याला पिस्तूल लावून उभा राहतो, तरीही रोबोकॉपला काही करता येत नाही. चेअरमन त्या साहेबावर ओरडतो तुला नोकरीवरून काढलंय, त्या सेकंदाला नियम सुटतो आणि मग गोळी चालते. थिएटरमध्ये लोक शिट्ट्या मारतात तिथे. पण जरा विचार करा काय झालं ते. खून केला म्हणून पकडता येत नव्हता, पुरावा दाखवला तरी पकडता येत नव्हता, कंपनीतून काढला तेव्हा पकडता आला. मशीन तेव्हाही आज्ञाधारकच होतं, फक्त मालकाने मधली एक ओळ पुसली.

हे हवेतून आलेलं नव्हतं. १९८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन साहेबांनी संपावर गेलेले ११ हजारांवर हवाई नियंत्रक एका फटक्यात घरी बसवले होते. १९८३ ला अमेरिकेत नफ्यासाठी तुरुंग चालवणारी कंपनी निघाली होती. पिक्चरमध्ये पोलीस संपावर जातात आणि कंपनीला वाटतं बरंच झालं, मशीन संपावर जात नाही. डेट्रॉइटमध्ये गाड्यांचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. पुढे २०१३ साली ते शहर खरोखर दिवाळखोरीत गेलं, सुमारे १८०० कोटी डॉलरचं कर्ज. मजा बघा, त्याच शहरात रोबोकॉपचा पुतळा करायला २०११ मध्ये लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढली होती.

आणि त्याच डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० ला काय झालं ते तर पिक्चरवाल्यांनाही सुचलं नसतं. एका घड्याळांच्या दुकानात आधी कधीतरी चोरी झाली होती, सीसीटीव्हीतला धूसर फोटो कॉम्प्युटरला दिला, कॉम्प्युटरने चेहरे जुळवून एका काळ्या माणसाचं नाव काढून दिलं. पोलिसांनी त्याला त्याच्या घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. तीसेक तास आत ठेवला. चौकशीत फोटो समोर ठेवला तर त्याने तो उचलून आपल्या चेहऱ्याजवळ धरला, बघा बाबांनो, मी आहे का हा? तेव्हा पोलीस म्हणाले कॉम्प्युटरचं चुकलेलं दिसतंय. २०२४ ला शहराने त्याला ३ लाख डॉलर दिले आणि नियम बदलले, की नुसत्या चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही. म्हणजे इथेही कॉम्प्युटरने बंड वगैरे काही केलं नव्हतं, सांगितलं तेवढं केलं, कोणाचा तरी चेहरा काढून दे म्हणाले, दिला काढून. चूक धरायची जबाबदारी ज्याची होती तो खुर्चीवर होताच की.

आता लेखक म्हणतील टर्मिनेटरचं काय, तिथे तर यंत्रं सरळ युद्धच पुकारतात. पुकारतात ना. पण १९९१ चा दुसरा भाग बघा. पहिल्या भागातल्या टर्मिनेटरचा, म्हणजे मारेकरी रोबोटचा, मोडका हात आणि फुटकी चिप एका कंपनीने गुपचूप तिजोरीत ठेवलीय आणि तिचा इंजिनियर त्यावर काम करतोय. चांगला माणूस आहे, बायकोपोरं आहेत, रविवारीसुद्धा त्याचं डोकं कामातच. हे आलं कुठून असं त्याने एकदा विचारलं होतं तर उत्तर मिळालं विचारू नको. आणि त्याने परत विचारलं नाही. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात भीतीदायक जागा ती आहे, पाऱ्यासारखा वितळणारा पोलीस नव्हे. तीच गोष्ट १९८६ च्या एलियन्सची. त्यातला यंत्रमानव बिशप शेवटी अर्धा तुटलेला असतानाही पोरीला घट्ट धरून ठेवतो, आणि कोट घातलेला कंपनीचा हसतमुख माणूस मात्र एलियन अंगावर घालायला निघालेला असतो, त्याला त्यातून पैसे दिसत असतात. माणूस कोण आणि मशीन कोण असा प्रश्न पडतो.

आपल्याकडचंही एक सांगतो कारण लेखात भारतीय पिक्चरचा नामोल्लेखसुद्धा नाही. शंकरचा २०१० चा रोबोट, तमिळमध्ये एंदिरन, रजनीकांत म्हणजे आपले शिवाजीराव गायकवाडच. त्यात शास्त्रज्ञ आपल्या चिट्टी नावाच्या रोबोटला कमिटीसमोर नेतो आणि कमिटी त्याला नापास करते. कशावरून? तर मालकाला भोसक म्हटलं तर तो भोसकायलाही तयार होतो, सांगेल ते करतो म्हणून. नापास बंडखोरीसाठी नाही, आज्ञाधारकपणासाठी! केवढा हुशार सीन आहे. पुढे मात्र पिक्चर घसरतो, चिट्टी प्रेमात पडतो, दुष्ट माणूस लाल चिप घालतो आणि सगळा दोष त्या एका दुष्टावर जातो. आपल्या पिक्चरना व्हिलन कायम एकच माणूस लागतो, दाढीवाला नाहीतर हसणारा. कंपनी, करार, अटी शर्ती असा व्हिलन आपल्याला चालत नाही, कारण त्याला शेवटी ठोसा कुठे मारायचा. ही तक्रार मी आपल्या दिग्दर्शकांबद्दल करतोय पण खरी प्रेक्षकांबद्दल आहे.

आणि आज तर व्हिलन तसाच आहे. आमच्या शेजारचं पोरगं डिलिव्हरी करतं, कोणत्या ॲपची ते सोडा, सगळी सारखीच. पावसात पूल बंद होता, ऑर्डर उशिरा गेली, गिऱ्हाइकाने तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी सकाळी आयडी ब्लॉक. का ब्लॉक, किती दिवस, कोणी केला, काही नाही. ऑफिसला जावं तर सिक्युरिटीवाला म्हणतो ॲपमध्ये चॅट करा. चॅटवर मशीन. ते म्हणतं आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, अजून काही मदत हवी का. पोरगं रात्रभर त्या मशीनला पुलाचे फोटो पाठवत होतं. त्याला वाटत होतं पलीकडे कोणीतरी बघेल. हे म्हणजे बोर्डरूममध्ये पिस्तूल खाली टाकल्यावरही मशीन मोजत राहतं तसलंच झालं, टाकलं की नाही हे बघायला कोणी नेमलेलाच नाही.

हे पिक्चर काही धुतल्या तांदळासारखे नाहीत तेही सांगतो. शेवटी एक जण बंदूक घेऊन सगळ्यांना उडवतो आणि प्रश्न संपतो हे खोटं आहे. युनियन, कोर्ट, अर्ज, माहितीचा अधिकार, असलं काही कोणी दाखवत नाही कारण त्यात स्फोट होत नाहीत. आणि कंपन्यांची टिंगल करणारा पिक्चर शेवटी कंपनीच काढते. रोबोकॉप इतका रक्तबंबाळ होता की सेन्सॉरच्या रेटिंगसाठी परत परत कापावा लागला, आणि पुढच्याच वर्षी, १९८८ ला, त्याचंच लहान मुलांचं कार्टून निघालं, खेळणी निघाली. ज्या गोष्टीत कंपनी मेलेल्या माणसाचं खेळणं करते त्या गोष्टीचंच खेळणं! व्हर्होवनला हे आधी सुचलं असतं तर त्याने पिक्चरमध्ये जाहिरात म्हणून टाकलं असतं, कारण मधेमधे तशा खोट्या जाहिराती आहेतच, सगळं घर मिळून खेळायचा अणुबॉम्बचा खेळ वगैरे.

जाता जाता एक जुनी पण खरी बातमी, कारण पुरवणीतल्या लेखात रोबोटने माणूस मारला तर काय असा प्रश्न विचारलाय जणू तो उद्याचा आहे. १९७९ च्या जानेवारीत मिशिगनमध्ये फ्लॅट रॉक इथे फोर्डच्या फाउंड्रीत एक कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला आणि रोबोटच्या हाताचा तडाखा बसून मेला. मशीन जवळ आलंय हे सांगायला साधा भोंगासुद्धा नव्हता. पुढे ज्युरीने घरच्यांना १ कोटी डॉलर द्यायला लावले, मशीन बनवणाऱ्या कंपनीला. रोबोटला कोणी शिक्षा दिली नाही, द्यायची गरजही नव्हती. आमची पिवळी जाळी, ते दार, ते अर्धवट दाबायचं बटण, हे सगळं असल्या मरणांमधून आणि कोर्टाच्या निकालांमधून आलंय, कोणाच्या सद्भावनेतून नाही आलेलं.

तर संपादक साहेब, एक विनंती. आपल्या राज्य सरकारने २०२४ ला पोलिसांसाठी एआय वापरणारी एक कंपनी काढलीय, नाव मार्वल (हो, पिक्चरवाल्यांसारखंच), नागपूरच्या आयआयएमची साथ आहे. खासगी नाही, सरकारी आहे, म्हणजे ओसीपी नाही हे मला कळतं, आणि गुन्हे लवकर सुटत असतील तर चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण मला एवढंच जाणून घ्यायचंय की उद्या कॉम्प्युटरने चुकीचा चेहरा काढून दिला तर तो तपासणार कोण, सही कोणाची असणार, आणि ज्याला उचलला त्याने तक्रार कोणत्या खिडकीवर करायची. त्या सॉफ्टवेअरला चौथा नियम असेल असं मी म्हणत नाही, पण नियम किती आणि कोणते आहेत ते छापून यायला काय हरकत आहे. तुमच्या नागपूरच्या बातमीदाराला तेवढं विचारायला सांगा, आणि उत्तर आलं तर पुरवणीत नको, पहिल्या पानावर टाका. नाही आलं तर तेही टाका.

आपला,
एक वाचक (मेंटेनन्स फिटर)
भोसरी, पुणे